गेमचा कॉम्प्युटर कामाला लावला तर बिघडले कुठे?

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबवले. काही अटींवर वर्षभराची मुदतवाढ ठेवली, पण निकाल लागून गेला. विंडोज ११ हवे असेल तर टीपीएम २.० ही सोय आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेले, आजही नीट चालणारे कॉम्प्युटर एका कंपनीच्या निर्णयाने एका रात्रीत म्हातारे ठरले. मोठ्या कार्यालयांनी जुनी यंत्रे विकली आणि नवी घेतली. आपल्या विहारांच्या, अभ्यासिकांच्या कोपऱ्यात बसलेले कॉम्प्युटर कुठून आले आहेत? कुणी नोकरी लागल्यावर दिला, कुणी वर्गणीतून घेतला, कुणी एखाद्या कार्यालयाच्या लिलावातून उचलून आणला. ते बदलायला आपल्याकडे अर्थसंकल्प नाही, वर्गणीची पावतीपुस्तके आहेत.

दुकानात गेलात तर दोनच उत्तरे मिळतात. एक तर नवा घ्या, नाहीतर "क्रॅक मारून अकरा टाकून देतो ना भाऊ". या दुसऱ्या उत्तराबद्दल आधी बोलू, कारण आपण सगळे तेच निवडतो आणि त्यावर कधी बोलत नाही. ज्या कॉम्प्युटरवर वस्तीतल्या लोकांचे आधार कार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक आणि पोरींच्या गुणपत्रिका स्कॅन होतात, त्याच कॉम्प्युटरवर कुणा अनोळखी माणसाने लिहिलेला 'ॲक्टिव्हेटर' चालवायचा. तो चालावा म्हणून आधी अँटीव्हायरस बंद करायचा. आणि मग त्याच यंत्रावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा! भिंतीवर संविधानाची उद्देशिका आणि तिच्याखाली चोरीचा विंडोज, हे दृश्य किती अभ्यासिकांत आहे ते ज्याने त्याने आपापल्या गावात पाहावे. आम्हाला त्या कंपनीची कणव नाही. ती आपले पाहून घेईल. कणव आहे ती त्या पासबुकवाल्या मायबाईची, जिला आपली कागदपत्रे कुणाच्या हाती पडू शकतात याची कल्पनाही नाही.

तिसरेही उत्तर आहे. शेंदूरजनाघाटच्या आमच्या अभ्यासिकेत ते काही महिन्यांपासून टेबलावर चालू आहे, आणि त्यावरून वादही चालू आहे. यंत्र साधेच आहे. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम आणि एएमडीचे आरएक्स ५८० ग्राफिक कार्ड. एका पोराने गेमसाठी जुळवलेला हा डबा तो पुण्याला नोकरीला गेल्यावर अभ्यासिकेला मिळाला. त्याच्यावर आम्ही 'बॅझाइट' नावाची लिनक्स व्यवस्था टाकली. बॅझाइट ही गेम खेळणाऱ्यांसाठी बनवलेली आहे. पहिल्यांदा सुरू केली तर तिच्यात ऑफिस नसते, पण गेमचे स्टीम हे दुकान आधीच बसलेले असते. त्यावर आम्ही अर्ज भरतो, पत्रे लिहितो, हिशेब ठेवतो, जयंतीचे फलक काढतो.

वाद दोन बाजूंनी आला. विहारातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी पहिल्याच दिवशी सुनावले, "गेम खेळाले पोट्टे येतीन, मंग अभ्यास कोन करन?" दुसरीकडून कॉम्प्युटर शिकलेली पोरे आली. त्यांचे म्हणणे, लिनक्सच टाकायचे तर उबंटू टाका, मिंट टाका. कामाच्या जागी हे गेमवाल्यांचे खेळणे कशाला? दोघांचेही म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे, पण दोघेही यंत्राच्या पाटीकडे पाहून बोलत आहेत. आत काय आहे ते कुणी पाहिलेले नाही.

आत काय आहे ते समजायला आपल्या गावात बाहेरचे उदाहरण लागत नाही. शेंदूरजनाघाट संत्र्याच्या कलमांचे गाव आहे. जंभेरीचे फळ कुणी हौसेने खात नाही. आंबट, जाड सालीचे. पण जंभेरीचे रोप वाढवून त्याच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा भरतात, आणि पुढे बागेत उभे राहते ते गोड संत्र्याचे झाड. जमिनीशी, पाण्याशी झगडतो तो खुंट. हे डोळे भरणाऱ्या, कलमे बांधणाऱ्या हातांत आपल्या वस्तीचे हात किती आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. बॅझाइटचे असेच आहे. खुंट 'फेडोरा' या जुन्या, भरवशाच्या लिनक्सचा. त्यावर डोळा भरला तो गेमचा. ज्या प्रकल्पातून बॅझाइट निघाले त्या 'युनिव्हर्सल ब्ल्यू'मधूनच 'ऑरोरा' आणि 'ब्लूफिन' ही रोजच्या कामासाठीची वाणेही निघाली. खुंट एक, डोळे वेगळे. मग एका वाणावर लिहिलेला अर्ज शहाणा आणि दुसऱ्यावर लिहिलेला उनाड, असे होईल कसे? जन्मावरून धंदा ठरवण्याच्या रोगाचे निदान बाबासाहेबांनी १९३६ सालीच करून ठेवले आहे. आता यंत्रालाही जात चिकटवायची का, असे आम्ही त्या पोरांना विचारले. (हा विनोद फार ताणू नये. यंत्राला अपमान कळत नाही, माणसाला कळतो.)

तरीही प्रश्न उरतो: कामाचे वाण उपलब्ध असताना गेमचेच का? याचे आमचे उत्तर सरळ आहे. फक्त ऑफिसचे काम होणार असेल तर ऑरोराच टाका. पण अभ्यासिकेत यंत्राला हात लावणारी माणसे सोळा ते चोवीस वयाची आहेत. त्यात गेम चालत नसेल तर महिन्याभरात कुणीतरी पेनड्राइव्ह घेऊन येईल आणि रात्रीतून क्रॅकचा विंडोज परत बसेल. तंत्रज्ञान टिकते ते वापरणाऱ्यांना ते आपले वाटले तर. गेमसाठी आलेला पोरगा त्याच पडद्यावर भावाचा उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरताना आम्ही पाहिला आहे. त्याला 'लिनक्स शिका' म्हणून बोलावले असते तर तो आला नसता.

आणि खरे सांगायचे तर गेमवाल्यांच्या गरजांनीच हे यंत्र आपल्या गावाला जास्त सोयीचे झाले आहे. हा मुद्दा नीट समजून घ्या.

गेम खेळणाऱ्याला ग्राफिक कार्ड, ब्लूटूथ, वायफाय, कंट्रोलर हे सगळे पहिल्या दिवसापासून चालू हवे असते. त्याला ड्रायव्हर शोधत बसायचे नसते. म्हणून बॅझाइटमध्ये ते आधीच घातलेले असतात. एनव्हिडियाचे कार्ड असेल तर त्यासाठीची वेगळी प्रत उतरवावी लागते, जुन्या आणि नव्या कार्डांसाठी प्रती वेगळ्या आहेत, एवढेच पाहायचे. गेम खेळणाऱ्याला हेही नको असते की संध्याकाळी अपडेट आले आणि यंत्र उठलेच नाही. म्हणून इथे अपडेट चालू व्यवस्थेच्या अंगावर चढत नाही. ते बाजूला पूर्ण तयार होते, आणि पुढच्या वेळी कॉम्प्युटर सुरू केल्यावरच लागू होते. आधीची व्यवस्था तशीच ठेवलेली असते. नवीमध्ये काही बिघाड निघाला तर सुरू होतानाच्या यादीतून आधीची निवडायची, काम चालू.

आता याला आपल्या गावच्या विजेची जोड द्या. वऱ्हाडात वीज कधी जाईल याचा नेम नाही आणि अभ्यासिकेला इन्व्हर्टर नाही. साध्या व्यवस्थेत अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली की फायली अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या राहण्याची भीती असते. इथे अर्धे काही नसते. नवे पूर्ण झाले नाही तर जुनेच उघडते. अमेरिकेतल्या गेमरला आपला खेळ मोडू नये म्हणून केलेली सोय शेंदूरजनाघाटच्या भारनियमनात उपयोगी पडते, हे त्या बनवणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसेल.

दुसरी सोय अशी की व्यवस्थेचा मूळ भाग नुसता वाचता येतो, सहज बदलता येत नाही. एका यंत्राला दिवसभरात वीस हात लागतात तिथे याचे मोल कळते. प्रत्येकाला वेगळे खाते द्या, ज्याच्या त्याच्या फायली ज्याच्या त्याच्याकडे. कुणी चुकून काही उडवले तर आपलेच उडवेल, यंत्र उभे राहील. नवे ॲप घ्यायचे तर 'फ्लॅटपॅक' या पद्धतीने, मोबाईलवर घेतो तसे यादीतून घ्यायचे. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, पीडीएफ वाचायला ओक्युलर, फोटोसाठी गिंप, फलकासाठी इंकस्केप, व्हिडिओसाठी केडेनलाइव्ह, सगळे फुकट आणि सगळे कायदेशीर. चौदा एप्रिलच्या भाषणांची चित्रफीत कापायची तर ते गेमचे ग्राफिक कार्ड फुकट बसून राहत नाही, तेही कामाला लागते. भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड पीडीएफमध्ये आहेत. ते ओक्युलरमध्ये उघडून, खुणा करून वाचणारी दोन पोरे आज आमच्याकडे आहेत.

मराठीचा मुद्दा वेगळा काढून बोलावा लागेल, कारण इथे आपले सर्वांत मोठे नुकसान झाले आहे आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले तेव्हा पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही, हे आपण भाषणात सांगतो. पुढचे कमी सांगतो. पुढे त्यांनी चळवळीचा स्वतःचा छापखाना उभा केला. भारत भूषण हे त्याचे नाव, नंतर तो बुद्धभूषण झाला. जून २०१६ मध्ये दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले तेव्हा तो छापखानाही पाडला गेला, आणि लोक रस्त्यावर उतरले. छापखाना म्हणजे काय? यंत्र, शाई, कागद आणि खिळे. लेख आपला असून भागत नाही, खिळेही आपल्या ताब्यात लागतात.

आजचे खिळे म्हणजे फॉन्ट. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या चळवळीने किती विशेषांक काढले, किती स्मरणिका, किती पत्रके! त्यांतला मोठा भाग पेजमेकरमध्ये, श्रीलिपी किंवा तशाच फॉन्टमध्ये बसलेला आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्या फॉन्टमध्ये 'जयभीम' असे दिसते, पण आत साठवलेली असतात भलतीच चिन्हे. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की विशेषांकाच्या जागी कचरा दिसतो. शोधला तर शब्द सापडत नाही, मोबाईलवर पाठवला तर वाचता येत नाही. म्हणजे लेख आपल्या माणसाने लिहिला, वर्गणी आपण गोळा केली, आणि वाचण्याची किल्ली एका सॉफ्टवेअरच्या परवान्यात अडकली. हार्ड डिस्क मेली की तोही गेला.

युनिकोडमध्ये हे होत नाही. बॅझाइटच्या कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट निवडता येतो, त्यासाठी दुकानातून काही आणावे लागत नाही. फॉन्टही खुले आहेत: रेड हॅट कंपनीने खुला केलेला लोहित आहे, मुंबईच्या एक टाइपने काढलेला मुक्ता आहे. आमच्या तीन मुली गावातल्या जुन्या स्मरणिका समोर ठेवून त्या लिब्रेऑफिसमध्ये पुन्हा टाइप करत आहेत. बोटे आपोआप बसत आहेत. फाइल कृतिदेवमध्ये असेल तर ती युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने मिळतात, पण जोडाक्षरे आणि रफार तपासावेच लागतात. एका स्मरणिकेत 'धर्मांतर' शब्दाचे सात प्रकार झाले होते!

वरूडच्या फ्लेक्सवाल्याला कोरलड्रॉची फाइल लागते. त्यावर आम्ही काढलेला मार्ग असा: इंकस्केपमध्ये फलक करायचा, अक्षरांचे आकारात रूपांतर करायचे आणि पीडीएफ द्यायची. त्याच्याकडे फॉन्ट असो-नसो, बाबासाहेबांच्या नावाचा काना हलत नाही.

आता जे होत नाही ते. टॅली विंडोजसाठी आहे. दुकानात हिशेबनीस व्हायचे असेल तर विंडोज लागेलच. डिजिटल सहीचे टोकन लिनक्सवर चालवणे डोकेदुखी आहे आणि बॅझाइटवर दुप्पट, कारण मूळ भागात ड्रायव्हर घुसवणे सोपे नाही. ग्रामपंचायतीचे किंवा निविदांचे काम करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारे काही जुने लेझर प्रिंटरही दाद देत नाहीत. आमचाही देत नाही, म्हणून आम्ही पीडीएफ पेनड्राइव्हवर घेऊन चौकात जातो. यूट्यूबवर पाहून लिनक्सच्या ज्या आज्ञा लोक टाइप करतात त्यांतल्या बऱ्याच इथे चालत नाहीत. अपडेट मोठे असते, कधी काही जीबी; मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा त्यातच जाईल. आम्ही आपोआप अपडेट बंद ठेवले आहे आणि वायफाय असलेल्या घरी नेऊन अधूनमधून करतो. आणि चार जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क असे यंत्र असेल तर बॅझाइटचा नाद सोडा. तिथे मिंटची हलकी आवृत्तीच शहाणपणाची. उबंटू-मिंट म्हणणाऱ्या पोरांचे तेवढे बरोबर होते.

एक आक्षेप मात्र आम्हाला मान्य नाही. "सरकारी नोकरीला एमएस-सीआयटी लागते, तिथे विंडोज आणि वर्ड शिकवतात, मग पोरांना हे शिकवून त्यांचे नुकसान कशाला?" केरळच्या सरकारी शाळांतली मुले कित्येक वर्षांपासून लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकत आली आहेत, ती काही नोकरीवाचून बसलेली नाहीत. शासकीय कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे असे धोरण केंद्र सरकारने २०१५ मध्ये स्वतःच जाहीर केले. कागदावर धोरण मुक्ततेचे आणि वर्गात सवय एका कंपनीची, हा सरकारचा दुटप्पीपणा आहे. त्याची शिक्षा आपण आपल्या पोरांना का द्यावी? ज्याला लिब्रेऑफिसमध्ये परिच्छेदाची शैली, तक्ता आणि टपाल-जोडणी कळली त्याला वर्ड दोन दिवसांत कळते. ज्याला फक्त 'या जागचे बटण दाबायचे' एवढेच शिकवले, तो वर्डची नवी आवृत्ती आली तरी गोंधळतो. परीक्षेआधी पंधरा दिवस क्लासच्या यंत्रावर सराव करावा, ते आम्हीही सांगतो.

राहिला आमच्या ज्येष्ठांचा प्रश्न. गेम. संध्याकाळी सातपर्यंत काम, सात ते साडेआठ खेळ, त्यानंतर यंत्र बंद. वेळापत्रक पोरांनीच लिहून चिकटवले आहे. व्हॅलोरंटसारखे काही गेम त्यांच्या चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे लिनक्सवर चालतच नाहीत, आणि ज्येष्ठ कार्यकर्त्यांना हाच बॅझाइटचा सर्वांत मोठा गुण वाटतो. आमचे त्यांना एवढेच म्हणणे होते की पोरे खेळतातच, प्रश्न कुठे खेळतात याचा आहे. पैसे लावून रमी खेळायला लावणाऱ्या ॲपनी वऱ्हाडातल्या किती घरांत भांडणे लावली ते आपण पाहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने त्याविरुद्ध कायदा केला तो उगीच नाही. मोबाईलवर एकट्याने, पांघरुणात तोंड घालून पैसे हरण्यापेक्षा चारचौघांत, विहाराच्या खोलीत, फुकटची गाडी शर्यत खेळलेली केव्हाही बरी. त्यांचे पूर्ण समाधान झालेले नाही. पण परवा आपल्या पेन्शनचा अर्ज त्यांनी त्याच यंत्रावर भरून घेतला, आणि "हे गेमवालं हाय का?" असे दोनदा विचारले.

वरूड, मोर्शी, बेनोडा भागात कुणाच्या अभ्यासिकेत विंडोज १० चा कॉम्प्युटर पडून असेल तर रविवारी दुपारी घेऊन या. त्यातली कागदपत्रे, फोटो आधी दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा, कारण बसवताना जुने सगळे पुसले जाते. विंडोजही ठेवायचे असेल तर वेगळी डिस्क आणा, एकाच डिस्कवर दोन्ही बसवण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही. सोबत १६ जीबीचा एक पेनड्राइव्ह लागेल. आणि घरात जुनी स्मरणिका असेल, फाटकी असली तरी, तीही आणा. टाइप करणारे हात तयार आहेत.

जयभीम.